पाटी, पेन्सिल आणि खिशातला चाकू

माणसाने रोज खिशात काय बाळगावे? रुमाल, पाकीट, किल्ल्या आणि आता मोबाईल. बहुतेकांची यादी इथेच संपते. माझ्या यादीत आणखी एक वस्तू आहे: बोटभर लांबीचा, मिटणारा, लाकडी मुठीचा साधा चाकू. तो खिशातून काढला की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते मी गेली वीसेक वर्षे पाहत आलो आहे. आधी दचकणे, मग हसणे आणि मग ठरलेला प्रश्न, "तुम्ही कारकून माणूस, तुम्हाला चाकू कशाला हो?"

मंडळी, या प्रश्नात एक मोठा गैरसमज दडलेला आहे. चाकू हा गुंडाचा, फार तर कसाई-कोळ्याचा. शिकल्यासवरलेल्या, टेबलाशी बसून काम करणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध नाही, असे आपण कधीतरी ठरवून टाकले आहे. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. खिशात मावणारा लहान चाकू ही मुळात लिहिणाऱ्या माणसाची वस्तू. म्हणून चांगला चाकू कसा निवडावा हे सांगण्याआधी तो आपला का आहे हे सांगणे मला जरुरीचे वाटते.

शब्दांकडेच पाहा. इंग्रजीत अशा छोट्या चाकूला 'पेननाईफ' म्हणतात, कारण पिसाच्या लेखणीचे टोक त्याने तासत असत. फारसी लेखनिकांच्या कलमदानात 'कलमतराश' असे, म्हणजे कलम तासणारा. आपला 'चाकू' हा शब्द फारसी-तुर्कीकडचा, तर 'सुरी' ही संस्कृत 'छुरिके'ची लेक. मोडी लिहिणाऱ्या चिटणीस-फडणिसांचे सारे काम बोरूवर चाले. बोरू म्हणजे नळीसारखी पोकळ, कडक काडी. तिचे टोक तिरपे छाटायचे, आतला मऊ भाग खरवडायचा, मधोमध बारीक चीर द्यायची आणि शेवटी टोक एका दाबात तिरके तोडायचे. चीर वाकडी गेली तर शाई नीट उतरत नाही, टोक जाड राहिले तर अक्षर फुगते. शिवाय लिहिता लिहिता बोरू झिजतो, त्यामुळे चाकू पुन्हा पुन्हा हातात घ्यावा लागतो. सुंदर मोडी अक्षराचे आपण कौतुक करतो तेव्हा निम्मे कौतुक त्या न दिसणाऱ्या पात्याचे असते.

आपल्या पणजीच्या पुराभिलेखागाराचे उदाहरण घ्या. १५९५ साली दियोगो दो कोउतो याच्या नेमणुकीने त्या दप्तराची सुरुवात झाली आणि विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथल्या कागदांत आपले आयुष्य वेचले. तिथे पोर्तुगीज कागद आहेत तसे मोडी कागदही आहेत. एक पिसाने लिहिलेले, दुसरे बोरूने. भाषा वेगळी, लिपी वेगळी, धर्म वेगळा. पण दोन्हीकडच्या कारकुनाच्या हाताशी एकच हत्यार होते. 'बोरूबहाद्दर' हा शब्द आज थट्टेने वापरतात. 'कलमकसाई' तर शिवीच झाली आहे. तरीही कलम आणि सुरी यांचे नाते त्या शिवीतसुद्धा टिकून राहिले आहे, हे गमतीचे नाही का?

आणखी मागे जाऊ या. मूल जन्मले की सहाव्या रात्री आपल्याकडे सटी पूजतात. घाटावर कुठे पाचवी, कुठे सहावी. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लेख लिहिते अशी समजूत. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आणि त्या शेजारी? सुरी, कोयती, विळा, अडकित्ता, घरात जे धारेचे असेल ते. बाळ सहा दिवसांचे होते तेव्हा त्याच्या पाटावर कागद, लेखणी आणि पाते एकत्र असतात. पुढे नवरात्रात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन करून पोथ्या-पुस्तके पूजेला मांडतात आणि त्याच दिवसांत खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. ज्यांनी हे सण लावले त्यांना विद्या आणि हत्यार हे दोन शत्रू वाटत नव्हते एवढे नक्की.

हा विचार माझ्या मनात पक्का बसला तो बासरला. नांदेडच्या एका नातेवाइकांच्या नातवाचा अक्षराभ्यास होता, म्हणून त्यांच्याबरोबर मीही गेलो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बासर हे गोदावरीच्या काठावरचे ज्ञानसरस्वतीचे क्षेत्र. व्यासांनी गोदावरीच्या वाळूच्या मुठी आणून देवीची मूर्ती घडवली आणि व्यासांवरूनच गावाचे नाव पडले अशी कथा सांगतात. नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर धर्माबाद सोडले की राज्य बदलते आणि बासर येते. १९५६ च्या भाषावार रचनेत निजामाच्या जुन्या राज्याचे तुकडे झाले. धर्माबाद आपल्या बाजूला आले, बासर तिकडे राहिले. बरीच वर्षे ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, ऑक्टोबर २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हा बदलला, राज्य बदलले, पण देवळाच्या आवारात मराठी आजही कानावर पडते. मराठवाड्यातली कितीतरी घरे आपल्या मुलांना पहिले अक्षर गिरवायला तिथेच नेतात. वसंत पंचमीला आणि नवरात्रातल्या मूळ नक्षत्राच्या दिवशी तर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

मूल आईबापाच्या मांडीवर बसते, समोर पाटी, हातात पाटीवरची पेन्सिल. तेलुगूत तिला 'बलपं' म्हणतात. पुरोहित मुलाचा हात धरून अक्षर काढून घेतात. मूल बहुधा रडत असते आणि आईबापांचे डोळे भरलेले असतात. पाहण्यासारखे दृश्य आहे. मला स्वतःला नवससायासांत फारसा रस नाही, पण अक्षराला एवढा मान देणारी जागा पाहून बरे वाटले.

मात्र त्याच मुलखाची दुसरी एक कीर्ती आहे आणि तिचे तिथे कुणी नावही काढत नाही. बासरहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढ्या अंतरावर, आजच्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. निर्मल आणि कोनासमुद्रमच्या या पट्ट्यात एके काळी जगातले नावाजलेले पोलाद तयार होत असे. मातीच्या मुशीत लोखंड घालून मूस बंद करायची, कोळशाच्या भट्टीत रात्रंदिवस तापवायची आणि मग हळूहळू निवू द्यायची. जे पोलाद निघे त्यात कर्बाचे प्रमाण सुमारे दीड टक्का. त्याच्या पात्याला अशी धार येई की इराणचे व्यापारी थेट या खेड्यांत येऊन माल घेत. १८२० च्या दशकात हेन्री व्हॉयसी नावाच्या इंग्रज डॉक्टराने कोनासमुद्रमला ही कृती स्वतः पाहिली. त्याचे टिपण त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ साली, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. दमास्कसच्या तलवारी म्हणून ज्यांचे नाव जगभर झाले त्या पात्यांचे पोलाद अशा दख्खनी मुशींतून जात असे.

कानडी-तेलुगू 'उक्कू' या शब्दाचे इंग्रजांनी 'वूट्झ' केले. त्या वूट्झच्या वड्या १७९४ च्या सुमारास मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉटने लंडनला पाठवल्या. १७९५ साली जॉर्ज पिअर्सनने त्यांवर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडेसारखा शास्त्रज्ञ या पोलादाच्या मागे लागला. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पिअर्सनसाठी जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या कारागिराने ते पोलाद पारखले, ते त्याचा एक पेननाईफ घडवून. तलवार नव्हे, खंजीर नव्हे, तर लेखणी तासायचा चाकू! त्यातून त्याची अशी खात्री पटली की पुढे आपल्या दुकानाच्या जाहिरातीत त्याने हिंदुस्थानचे हे पोलाद युरोपातल्या उत्तम पोलादाहून सरस असल्याचे छापले.

पुढे काय झाले ते सांगायला नको. कारखान्यांतले स्वस्त विलायती पोलाद आले, कोळशासाठी लागणाऱ्या रानांवर बंधने आली, भट्ट्या विझल्या. आता त्या गावांच्या शिवारात मुशींचे तुकडे आणि लोहकीट सापडते. संशोधक येतात, पिशव्या भरून नमुने नेतात.

बासरच्या देवळाबाहेर दुकानांची रांग आहे. पाट्या, बलपं, वह्या, पेन, हळदकुंकू, खेळणी. माझ्या सवयीप्रमाणे मी विचारले, "पेन्सिल तासायला चाकू आहे का?" दुकानदाराने प्लास्टिकचे रंगीत शार्पनर पुढे केले. त्याची काय चूक? लोक जे मागतात ते तो ठेवतो. पण मी मनात म्हटले, ज्या मुलखाच्या पोलादाचा पेननाईफ लंडनमध्ये पारखला गेला तिथे आज लेखणी आहे, देवी आहे, गर्दी आहे. फक्त पाते तेवढे नाही. अक्षराची पूजा मोठी झाली आणि हाताचे कसब मुकाट्याने नाहीसे झाले. मला वाटते, हे एकट्या बासरचे झालेले नाही. आपण सगळ्यांनीच शिक्षणाचा अर्थ 'हाताला काम नको' असा लावून घेतला. मुलगा शिकला म्हणजे त्याने नारळ सोलू नये, खिळा ठोकू नये, सुरीला धार लावू नये. शहाळे फोडायला माणूस, माटोळी बांधायला माणूस, खोक्याची दोरी कापायलाही शिपाई. खिशात लहानसा चाकू बाळगणे हा या समजुतीला दिलेला माझा अगदी छोटा नकार आहे.

आता निवडीकडे वळू. 'चांगला' म्हणजे काय, हा खरा प्रश्न. महागडा म्हणजे चांगला नव्हे आणि भयंकर दिसणारा तर मुळीच नव्हे.

पहिली गोष्ट लांबी. पाते आपल्या चार बोटांच्या रुंदीएवढे असावे, म्हणजे अडीच ते तीन इंच. पेरू, सफरचंद, सुपारीचे सोल, पार्सलची दोरी, केवणीचे दोर, शिवणीचा टाका, पेन्सिल. रोजच्या कामांना यापेक्षा जास्त लागत नाही. फणस कापायचा तर खिशातला चाकू नव्हे, घरातली आदोळी काढावी. ज्याचे काम त्याने करावे.

दुसरी गोष्ट पात्याची जाडी. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. जाड पाते मजबूत वाटते, पण ते कापत नाही, फाडते. पाते पाठीकडून धारेकडे निमुळते होत जाणारे, पातळ हवे. दुकानात एक कागद घेऊन कापून पाहावा. पाते अडखळता सरकले तर धार असमान आहे. करवतीचे दात असलेले पाते तर घेऊच नये. बोथट झाले की ते घरी लावता येत नाही.

तिसरी गोष्ट पोलाद. साधे कर्बयुक्त पोलाद की गंज न धरणारे स्टेनलेस? कर्बाच्या पोलादाला साध्या दगडावर चटकन धार येते आणि धार सुरेख येते. पण ते आंबट गोष्टींनी काळवंडते आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, एका रात्रीत तांबूस होते. स्टेनलेस निर्धास्त, पण त्याला धार लावायला जरा जास्त कष्ट. माझे मत विचाराल तर, जो माणूस वापरल्यावर पाते पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवील त्याने कर्बाचे घ्यावे. एका मोसमात मानकुराद आणि कैऱ्या कापून त्यावर जो करडा-निळसर थर चढतो तो गंज नव्हे, उलट तांबड्या गंजापासून तो थोडेफार राखतो. ज्याला एवढी उठाठेव जमणार नाही त्याने निःसंकोच स्टेनलेस घ्यावे. न वापरलेल्या उत्तम पोलादापेक्षा रोज वापरलेले मध्यम पोलाद बरे.

चौथी गोष्ट बिजागरी. मिटणाऱ्या चाकूचा जीव तिथे असतो. पाते उघडून टोक डावी-उजवीकडे हलवून पाहावे. डुगडुगले तर परत ठेवावे. मिटल्यावर टोक मुठीच्या खोबणीत पूर्ण बुडाले पाहिजे, नाहीतर एक दिवस ते खिसा किंवा बोट कापणार. आतली स्प्रिंग उघडताना आणि मिटताना सारखा ताण देणारी असावी. बटन दाबताच फटकन उघडणारा खटक्याचा चाकू मात्र चुकूनही घेऊ नये. तो कापण्यापेक्षा दाखवण्यासाठी जास्त असतो आणि पोलिसांचा त्यावर संशय असतो, तो रास्तच आहे.

पाचवी गोष्ट मूठ. लाकूड, शिंग, पितळ, काहीही चालेल, पण घामट हातातून निसटणारी नको. रिव्हेट बोटाला लागता कामा नये. आणि सहावी गोष्ट किंमत. चाकू एवढा महाग नसावा की वापरायला जीव धजणार नाही आणि हरवला तर झोप उडेल.

नमुना म्हणून पाहायचे तर फ्रान्समधल्या सावोआ प्रांताचा ओपिनेल पाहावा. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये तो शेतकऱ्यांसाठी काढला. बीचच्या लाकडाची मूठ, एक पाते, एक खिळा. १९५५ पासून उघडे पाते अडकवून ठेवणारे फिरते कडे त्याला आले. एवढ्यावर तो सव्वाशे वर्षांहून जास्त टिकला आहे. आठ नंबरचा सगळ्यात लोकप्रिय, पाते साडेआठ सेंटिमीटर. मला विचाराल तर आपल्या खिशाला सहा-सात नंबर पुरे. आपल्या देशात कच्छमधले अंजार हे सुडी-चप्पूसाठी, म्हणजे अडकित्ते आणि चाकूंसाठी, नावाजलेले. पितळी मुठीचे तिथले छोटे चाकू डौलदार असतात. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे नाव तर हिंदी सिनेमाने पार बदनाम केले. लांब पात्याचा, खटक्याचा चाकू खलनायकाच्या हातात गेला आणि कारागिरांच्या हातचे काम गेले. २०२३ साली तिथल्या चौकात वीसेक फूट लांबीचा चाकू उभारला. एखाद्या वस्तूचे स्मारक उभे राहते तेव्हा ती वस्तू बहुधा खिशातून गेलेली असते.

आणि आपल्या गोव्यात? इथला लोहार मिटणारा चाकू सहसा करीत नाही, पण सुरी, कोयती आणि रेंदेराची काती हे त्याचे हातखंडे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक चक्कर मारा. चार बोटांची छोटी सुरी निवडा आणि तिला चामड्याचे नाहीतर लाकडाचे म्यान करून घ्या. पिशवीत ठेवायला तीसुद्धा उत्तम. तसे पाहिले तर आपल्याकडचा खरा खिशातला चाकू म्हणजे अडकित्ता. आमच्या आजोबांच्या पिढीत चंचीत पाने, चुन्याची डबी आणि अडकित्ता असल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नसे. त्याचे पाते आणि त्याची बिजागरी जो पारखू शकत होता त्याला चाकू निवडायला कुणी शिकवायची गरज नव्हती.

धारेबद्दल एक शब्द. सायकलवर साण घेऊन फिरणारा माणूस आता क्वचितच दिसतो, त्यामुळे हे काम घरी शिकावे लागते. एका बाजूने खडबडीत, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत असा धारेचा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दगड ओला करा, पाते पंधरा ते वीस अंशांवर टेकवा आणि दगडाचा पातळ पापुद्रा सोलतो आहोत अशा हाताने पुढे सरकवा. दोन्ही बाजूंना सारखेच घासा. कोन बदलू देऊ नका, एवढेच त्यातले गुपित. महिन्यातून एक रविवार, दहा मिनिटे. बोथट चाकूच जास्त कापतो असे जुनी माणसे म्हणत ते खरे आहे. धार नसली की माणूस जोर लावतो आणि जोर लावला की पाते घसरते.

आता भीतीबद्दल बोललेच पाहिजे. वर्तमानपत्र उघडले की चाकूहल्ल्याची बातमी असते, तेव्हा लोक दचकतात यात नवल नाही. कायदा काय म्हणतो? शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम पाहिले तर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या शस्त्रांना ते शस्त्रांच्या यादीत धरतात; घरकाम, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. तीन इंचांचा साधा चाकू या व्याख्येपासून बराच दूर. पण निवडणुकीच्या किंवा तणावाच्या काळात जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात, ते पाळलेच पाहिजेत. दिल्लीत तर बटनाने उघडणाऱ्या चाकूंसाठी १९८० पासून वेगळी अधिसूचना आहे. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही. परीक्षा केंद्र, न्यायालय, जत्रेची गर्दी या ठिकाणी मी स्वतःच तो घरी ठेवतो. हत्यार बाळगणाऱ्याला ते कधी बाळगू नये हे आधी कळले पाहिजे.

एकदा एका सरकारी इमारतीच्या दारावर सुरक्षारक्षकाने माझा चाकू काढून घेतला. त्याचे ते कामच होते, मी काही बोललो नाही. तासाभराने परत आलो तेव्हा तो आणि त्याचा जोडीदार त्याच चाकूने कापलेला पेरू मीठ लावून खात होते. "साहेब, धार मस्त आहे हो!" म्हणत त्याने चाकू पुसून मला दिला, फोडही दिली. तासापूर्वीची संशयास्पद वस्तू पेरू समोर येताच पुन्हा चाकू झाली होती.

भीतीपोटी वस्तूच नाहीशी करायची म्हटले तर काय होते ते जपानमध्ये दिसले. 'हिगोनोकामी' नावाचा पितळी पत्र्याच्या मुठीचा मिटणारा चाकू तिथे शाळकरी मुलांच्या खिशात असे, पेन्सिल तासायला आणि बांबूची खेळणी करायला. ऑक्टोबर १९६० मध्ये समाजवादी पुढारी इनेजिरो आसानुमा यांचा भर सभेत एका सतरा वर्षांच्या तरुणाने खून केला. शस्त्र होते आखूड तलवारीसारखे, हिगोनोकामी नव्हे. पण त्यानंतर मुलांच्या हातून पाती काढून घेण्याची मोहीम उभी राहिली आणि हा गरीब चाकूही तिच्यात सापडला. मिकी गावात एके काळी कितीतरी कारागीर तो बनवीत. पुढे ते नाव लावायचा हक्क असलेला एकच कारखाना उरला. खुनाचा राग समजण्यासारखा आहे. पण तो राग शेवटी निघाला पेन्सिल तासणाऱ्या मुलावर आणि लोहारावर.

आमच्या कार्यालयात आता फायली संगणकावर सरकतात. पेन्सिल मागितली तर नवा मुलगा माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो. मग चाकूची गरज काय, असे कुणी म्हणेल. गरज रोज लागते, फक्त आपण ती दातांनी, किल्लीने, शेजाऱ्याच्या कात्रीने भागवतो. पण खरा मुद्दा गरजेचा नाहीच. जो माणूस आपल्या खिशातल्या एका पात्याची धार स्वतः राखतो त्याला लोहाराच्या कामाची किंमत कळते. लोखंड आणि पोलाद यांतला फरक त्याला हाताने कळतो. कोनासमुद्रमच्या भट्टीपाशी उभ्या असलेल्या, नाव-गाव मागे न ठेवता गेलेल्या माणसालाही काही ज्ञान होते, ते ज्ञानसुद्धा ज्ञानच होते, हे त्याला पटते. बासरच्या देवीच्या नावात 'ज्ञान' हा शब्द आहे. तो फक्त पाटीपुरता आहे असे मला वाटत नाही.

तेव्हा वाचकहो, येत्या खंडेनवमीला पुस्तके आणि हत्यारे मांडाल तेव्हा घरातल्या जुन्या कपाटात आजोबांचा एखादा चाकू किंवा अडकित्ता पडला आहे का ते बघा. गंजला असेल तर राख आणि तेलाने घासा, दगडावर लावा. नसेल तर वरच्या सहा गोष्टी ध्यानात ठेवून एक साधा, लहान, स्वस्त चाकू घ्या. घरात आठ-दहा वर्षांचे मूल असेल तर त्याला शेजारी बसवून एक पेन्सिल तासायला शिकवा. पाते अंगापासून दूर, अंगठा पाठीवर, हळूहळू. पहिली पेन्सिल निम्मी संपेल, संपू द्या. आणि ती पेन्सिल कुठे ठेवायची असे मुलाने विचारले तर सांगा, चाकूशेजारी, त्याच पाटावर.